तापाच्या बाई आणि नणंदेचा पंखा

तापाच्या बाईंना नाव होतं, नाही असं नाही. पण ते गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं आणि ते ओळखपत्र कायम उलटं झालेलं असायचं. त्यामुळे सगळ्या भागाला त्या तापाच्या बाईच. नोकरी आरोग्य खात्यात. घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, आणि मग घरातली प्रत्येक बादली, टाकी, फुलदाणी उघडून पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताहेत का ते बघायचं. हे शेवटचं काम बाईंच्या विशेष आवडीचं. दुसऱ्याच्या घरात शिरून हक्काने झाकणं उघडायची नोकरी किती जणांच्या नशिबी असते?

आवाज असा, की तळमजल्यावर "ताप आहे का हो कुणाला?" म्हटलं की चौथ्या मजल्यावरून "आमच्याकडे या!" असं उत्तर यायचं. जिना चढताना बाई गुडघ्यांना शिव्या घालायच्या आणि उतरताना जिना बांधणाऱ्याला. पण एकदा आजारी माणसाजवळ बसल्या, की आवाज खाली यायचा. कपाळावर हात ठेवायचा, जीभ बघायची, औषध घेतलं नसेल तर मायेनेच चार शब्द सुनवायचे. आणि त्या वेळात फोनला हात लावायचा नाही. हा बाईंचा नेम होता.

"समोर माणूस तापाने फणफणलंय आणि आपण फोनमध्ये तोंड खुपसून बसायचं?" त्या म्हणायच्या. "शोभतं का ते? त्याला वाटेल, बाई मैत्रिणीशी गप्पा मारतायत."

म्हणून सकाळभर जे दिसलं ते सगळं डोक्यात ठेवायचं आणि दुपारी एका जागी बसून फोनमध्ये भरायचं. डोकं तल्लख होतं. कुठल्या दारात कोण, ताप कधीपासून, सर्दी आहे की नुसती अंगदुखी, यात बाईंची चूक म्हणून व्हायची नाही. खात्यात त्यांच्या नोंदींवर कुणी बोट ठेवत नसे.

ती एक जागा म्हणजे त्यांच्या नणंदेचं पार्लर.

नणंदेबद्दल सांगायलाच हवं. वय बाईंपेक्षा बरंच कमी, हात सोन्याचे आणि नाकावर राग. लग्न होऊन बाई त्या घरात आल्या तेव्हा ही शाळेत जात होती आणि वहिनीच्या केसांच्या वेण्या घालून घालून तिने हात साफ करून घेतला होता. पुढे वर्षानुवर्षं दुसरीच्या दुकानात उभी राहिली. केस कापायची ही, नाव व्हायचं मालकिणीचं, आणि संध्याकाळी झाडू मारायची परत हीच. शेवटी हिंमत करून तिने स्वतःचं दुकान टाकलं. खोली एवढीशी. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, केस धुवायचं बेसिन, आणि वर एक पंखा, जो तिने स्वतः चार दुकानं हिंडून, चालवून बघून, विक्रेत्याला घाम फोडून आणला होता. त्या पंख्याचा वारा दाराजवळच्या खुर्चीवर असा काही यायचा, की बसलेलं माणूस उठायचं नाव काढत नसे. ती खुर्ची दुपारची बाईंची. पाय वर, चप्पल खाली, हातात चहा, आणि फोनवर टकटक चालू.

"वहिनी, गिऱ्हाईक आलं तर उठायचं हं," नणंद बजावायची.

"येऊ दे की. मी काय खुर्चीला चिकटलेय?" बाई म्हणायच्या, आणि चिकटून बसायच्या.

तर अशा त्या सुखाच्या दिवसांत खात्यात नकाशा आला.

पूर्वी बाई फोनमध्ये पत्ता लिहून पाठवायच्या आणि कचेरीत कुणीतरी तो कुठल्याशा रकान्यात टाकायचं. आता म्हणे प्रत्येक तापाचा एक ठिपका थेट नकाशावर उमटणार, आणि तो नकाशा शहरातल्या कुणालाही आपल्या फोनवर बघता येणार. रुग्णाचं नाव नाही, घर नंबर नाही, नुसता रंग. ताप कमी असेल तिथे हिरवा, वाढला की पिवळा, फार झाला की लाल. हे सगळं शिकवायला कचेरीतला एक तरुण होता, चष्मा लावणारा, हळू बोलणारा; त्याला सगळे नकाशेवाला म्हणत. त्याने पडद्यावर शहर दाखवलं. वरून काढलेले फोटो होते, आणि खाली एक पट्टी सरकवली की जुनी वर्षं मागे मागे जात. पट्टी सरकली की इमारती गायब होऊन तिथे शेड यायच्या, अजून सरकली की शेडही जाऊन मोकळं रान.

बाईंना वेडच लागलं. मागच्या रांगेतून त्या ओरडल्या, "अगं बाई, ही आमची गच्ची! आणि ही माझी चादर वाळत घातलेली! हरवली म्हणून मी शेजारणीवर संशय घेतला होता!"

सगळा वर्ग खो खो हसला. त्या हसण्यातच नकाशेवाला सांगत होता, की नोंद रुग्णाच्या दारात उभं राहून भरा, कारण बटण दाबताना फोन जिथे असेल तिथेच ठिपका पडतो. बाईंनी मान डोलावली, पण लक्ष सगळं चादरीवर.

आता पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. बाईंच्या मात्र आलं नाही.

तापाची साथ त्या वर्षी जराशी होतीच. बाई रोज हिंडत होत्या, रोज दुपारी पंख्याखाली बसून इमानेइतबारे भरत होत्या. आणि नकाशावर त्या भागात एक लाल गोळा फुगायला लागला. पहिल्यांदा दिसला तो केमिस्टला. मग इस्त्रीवालीला. मग सगळ्यांनाच. बोटाने नकाशा मोठा करून बघितला, की लाल गोळ्याच्या बरोब्बर मधोमध नणंदेचं पार्लर.

"त्या पार्लरात काहीतरी आहे," लोक म्हणायला लागले. "टॉवेलातून पसरतं म्हणे." दुसरी म्हणाली, "छे, बेसिनमध्ये डास आहेत." ठरलेली गिऱ्हाइकं रस्ता बदलून जायला लागली. एकीने अर्धे केस रंगवून घेतले होते, ती उरलेले अर्धे रंगवायला आलीच नाही. तशीच हिंडली बिचारी, दोन रंगांत, पण पार्लरची पायरी चढली नाही.

बाईंच्या कानावर हे आलं. आपल्या नणंदेच्या दुकानात डास? आपल्या नाकाखाली? त्यांनी पदर खोचला आणि मोहीम काढली. बेसिनची नळी काढून बघितली. कुंडीखालच्या बशा पालथ्या घातल्या. केस ओले करायची पिचकारी उघडून हुंगली. स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यांवर हात फिरवला आणि वरच्या धुळीने स्वतःच शिंकून शिंकून हैराण झाल्या.

"वहिनी, सापडलं का काही?" नणंद कंटाळून विचारायची.

"नाही सापडत. हेच तर!" बाई म्हणायच्या. "लपलेत मेले. पण मी सोडणार नाही."

त्यांनी खात्यात इतकी तक्रार केली, की एक दिवस फवारणीवाले आपलं यंत्र घेऊन थेट दारातच उभे राहिले. आत त्या दिवसातलं एकुलतं एक गिऱ्हाईक तोंडाला लेप लावून डोळे मिटून पडलं होतं. फवारणीवाल्यांच्या मुकादमाने "जरा श्वास धरा" म्हटलं आणि भक्ककन धूर सोडला. ती बाई लेपासकट रस्त्यावर धावली ती चौकापर्यंत. लहान मुलं तिला बघून किंचाळली. नणंद दारात उभी राहून खोकत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते फक्त धुराने नव्हतं.

त्याच संध्याकाळी जागामालकीण आली. समोरच्याच इमारतीत राहायची, वाईट बाई नव्हती. पण तिच्याही फोनवर तो लाल गोळा होता. दारातूनच म्हणाली, "पोरी, महिनाअखेरीपर्यंत बघते. नाहीतर माझा भाचा फोनदुरुस्तीचं दुकान टाकतो म्हणतोय. मलाही घराखाली साथ नको."

नणंद कात्र्या पुसून पुसून एका ओळीत लावत बसली. परत त्या जुन्या मालकिणीकडे जायचं, परत दुसरीचा झाडू हातात घ्यायचा, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. बाईंना ते तिच्या मानेवरून कळलं. तिच्या लहानपणापासून त्या ही मान ओळखत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्लरमध्ये चिटपाखरू नव्हतं. नणंद कोपऱ्यातल्या खुर्चीत, फोनवर तो मेला नकाशा उघडून. तिला आता सवयच लागली होती, लाल गोळ्याकडे बघत बसायची. गोळ्याच्या मध्ये एक आकडा असे, किती ताप ते सांगणारा. दाराजवळच्या खुर्चीत बाई सकाळचं भरत होत्या आणि सवयीने तोंडाने पुटपुटत होत्या, "रिक्षावाल्याची सासू, ताप, सांधे दुखतायत." टक.

नणंदेच्या फोनवर आकडा एकाने वाढला.

"बेकरीवरचा कामगार, ताप, उलट्या." टक.

अजून एकाने वाढला.

नणंदेने मान वर केली. "वहिनी, आणखी एक दाब बरं."

"दाबतेच आहे की. शाळेतल्या बाई, नुसती कणकण." टक.

"वहिनी!" नणंद उठून उभी राहिली. तिचा आवाज असा काही झाला होता, की बाईंच्या हातातला चहा हिंदकळला. "अगं, शाळेतल्या बाई राहतात कुठे?"

"पाण्याच्या टाकीपलीकडे. का?"

"मग माझ्या डोक्यावर का पडतायत?"

बाईंनी तिचा फोन बघितला. मग स्वतःचा बघितला. मग वर पंखा बघितला. चादरीचा तो दिवस डोळ्यांसमोर आला आणि नकाशेवाल्याचे हलणारे ओठ दिसले, आणि ते काय सांगत होते ते आत्ता, इतक्या दिवसांनी, त्यांना ऐकू आलं.

"अगं आई गं," त्या म्हणाल्या. "साथ मीच आहे."

नणंद हसली नाही. "तू उठ," ती म्हणाली. "त्या खुर्चीतून उठ आणि परत इथे बसायला येऊ नकोस." मग तिने दार लावून घेतलं.

बाई रस्त्यावर उभ्या राहिल्या, एका पायात चप्पल, दुसरी आत राहिलेली. तशाच, एका पायाने लंगडत, कचेरीत गेल्या.

नकाशेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओरडला नाही. उलट म्हणाला, "चूक माझीही आहे. गोळा इतका नेटका गोल होता, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. साथ एवढी गोल नसते." मग त्याने सांगितलं, की चुकीचे ठिपके काढता येतात, पण ज्याने टाकले त्यानेच काढायचे आणि प्रत्येकाचं कारण लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय ठिपका हलत नाही.

"एकच कारण सगळ्यांना चालेल?"

"चालेल. पण प्रत्येकाखाली लिहावं लागेल."

बाई कचेरीच्या बाकावर बसल्या आणि लिहायला लागल्या. पहिल्याला लिहिलं, "नोंद रुग्णाच्या दारात भरली नाही." दुसऱ्यालाही तेच. पण एकच गोष्ट परत परत सांगायचा बाईंचा स्वभावच नव्हता. तिसऱ्याला लिहिलं, "नणंदेच्या पार्लरमध्ये बसून भरली. तिथला पंखा चांगला आहे." पुढच्याला, "जिने चढून गुडघे दुखतात. तिथली खुर्ची मऊ आहे." त्याच्या पुढच्याला, "इथे एकही डास नाही. मी स्वतः पिचकारीसुद्धा हुंगून बघितली आहे." मग हात मोकळाच सुटला. नणंद चहाला नाही म्हणत नाही, टॉवेल रोज उकळते, भुवया अशा कोरते की माणूस दहा वर्षं लहान दिसतं, हे सगळं एकेका ठिपक्याखाली गेलं. आणि शेवटच्या ठिपक्याखाली त्यांनी लिहिलं, "हे दुकान तिने एकटीने उभं केलं. हा लाल रंग माझा आहे, तिचा नाही."

मग डोळे पुसले, बटण दाबलं, आणि कुणाचीतरी उसनी चप्पल घालून कामाला लागल्या.

सगळी घरं परत हिंडायची होती. प्रत्येक दारात परत बटण दाबायचं होतं. पण मग तो फोनचा नेम? पहिल्याच घरात रिक्षावाल्याच्या सासूपुढे बाई फोन काढून ओशाळल्या. मग त्यांना सुचलं. फोन त्यांनी सरळ म्हातारीच्या हातात दिला. "आजी, तुमचा ताप, तुम्हीच दाबा."

म्हातारीने चष्मा मागवला, बोट पुसलं, आणि दाबलं. नकाशावर तिच्याच छपरावर ठिपका उमटला. "मी आहे ही?" ती म्हणाली. आणि अंथरुणावर पडल्या पडल्या इतकी खूश झाली, की सुनेला बोलावून दाखवलं.

त्यानंतर बाईंना घाई करायची गरजच पडली नाही. जो तो आपला ठिपका स्वतः लावायला टपलेला. बेकरीतल्या कामगाराने दाबण्याआधी केस विंचरले. एका घरात तर ताप नसलेला नवराही "मलाही एक द्या ना" म्हणून मागे लागला. त्याला बाईंनी झाडून काढला. हसत, भांडत, जिन्यांना शिव्या घालत त्या परत फिरल्या, आणि ठिपके एकेक करून आपापल्या घरी गेले.

काम संपल्यावर त्या आणि नकाशेवाला पडद्यापुढे बसले. आता गोल गोळा नव्हता. पाण्याच्या टाकीपलीकडे ठिपक्यांचं एक वेडंवाकडं कडं तयार झालं होतं आणि मध्ये रिकामी जागा.

"मैदान आहे तिथे," नकाशेवाला म्हणाला. "मैदानात काय असणार?"

"मैदान कसलं? तिथे इमारत चाललीय. बांधणारे मध्येच सोडून गेलेत."

त्याने पट्टी पुढे, अगदी ताज्या फोटोपर्यंत सरकवली. मैदान गेलं, सिमेंटचे खांब आले, आणि खांबांच्या मधोमध एक काळा चौकोन चमकत होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लिफ्टसाठी खणलेला खड्डा होता तो, काठोकाठ पाण्याने भरलेला. दुसऱ्या दिवशी फवारणीवाल्यांच्या मुकादमाने त्यात बादली सोडली आणि वर काढली तर पाणी कमी, अळ्या जास्त. बाई त्या बादलीकडे अशा प्रेमाने बघत राहिल्या, की मुकादम म्हणाला, "घरी नेताय का?" पंप लागला, खड्डा उपसला, आणि पुढच्या काही आठवड्यांत कड्यातले ठिपके विझत विझत हिरवे झाले. खात्यातल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी बाईंना बोलावून शाबासकी दिली आणि त्याच दमात दारातच नोंद भरायची तंबीही दिली. बाईंनी दोन्ही गोष्टी मुकाट घेतल्या.

पण नणंदेकडे जायची हिंमत होईना. घरी नवऱ्याला विचारलं, तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणून तो मोकळा झाला. महिना संपत आला होता. जागामालकिणीचा भाचा बाईंच्या डोळ्यांसमोर हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन नाचत होता. शेवटी एका दुपारी उसनी चप्पल टोचायला लागली, तेव्हा स्वतःच्या चपलेचं निमित्त करून त्या निघाल्या.

लांबूनच त्यांना पार्लरच्या दाराबाहेर गर्दी दिसली. संपलं, बाईंना वाटलं, सामान काढतायत.

जवळ गेल्या तर बायका रांगेत उभ्या होत्या आणि हसत होत्या. एक फोनवरून मोठ्याने वाचत होती, "ऐका हे, 'मी स्वतः पिचकारीसुद्धा हुंगून बघितली आहे!'" सगळ्या खिदळल्या. दुसरीने आपला फोन काढला, "माझ्याकडे भुवयांचं आलंय!"

बाईंचे कान लाल झाले. काढलेल्या ठिपक्यांच्या जागी नकाशावर राखाडी खुणा राहतात, आणि कुणीही त्यावर बोट ठेवलं की कारण दिसतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं; किंवा सांगितलं असेल, चादरीच्या दिवशी. त्यांना वाटलं होतं ते फक्त कचेरीत वाचतील. इथे तर अख्खं शहर वाचत होतं. दोन रंगांत हिंडणारी ती बाईसुद्धा रांगेत होती, उरलेलं अर्धं डोकं घेऊन.

दारावर नवी पाटी होती, अजून रंग ओला. पार्लरच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "पंखा चांगला आहे."

बाई आत डोकावल्या. दाराजवळच्या खुर्चीत, त्यांच्या खुर्चीत, जागामालकीण पाय वर करून, मान मागे टाकून पडली होती. डोळे मिटलेले. "खरंच चांगला आहे हो," ती पुटपुटत होती. "भाच्याला सांगते, दुसरीकडे बघ बाबा जागा."

नणंदेचे दोन्ही हात तिच्या केसांत होते. तिने आरशातून वहिनीला बघितलं. नणंदेच्या नाकावरचा राग कुठे दिसेना. डोळे मात्र भरून आले होते.

"शेवटचा ठिपका मी वाचला," ती म्हणाली. "रोज वाचते."

बाईंनी मान हलवली आणि आत यायला पाऊल टाकलं, तर रांगेतली एकजण खेकसली, "ओ बाई, नंबर लावा!"

"अगं, मी..." बाई म्हणाल्या, आणि नणंदेकडे बघितलं.

नणंदेने खोलीवर नजर फिरवली. दोन्ही खुर्च्या भरलेल्या, बाक भरलेला, स्टुलावरसुद्धा कुणीतरी टेकलेलं. तिला इतकं हसू आलं, की जागामालकिणीच्या कपाळावर साबण ओघळला.

"वहिनी, तुझी चप्पल तिथे कोपऱ्यात आहे," ती म्हणाली. "पण बसायला जागा नाही गं. उद्या सकाळी लवकर ये."

बाईंनी आपली चप्पल शोधून घातली, रांगेच्या शेवटी जाऊन उन्हात उभ्या राहिल्या, आणि एवढं बरं त्यांना त्या पंख्याखाली कधी वाटलं नव्हतं.